‘अर्धवेळ’ म्हणजे किती वेळ?

(घरकामगार बायका आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या यांच्या एकत्र शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सुरुवात माझ्याच एका चुकीने करते. एम.एस.डब्ल्यू. करून मी पुण्यातल्या एका वस्तीत कामाला लागले, तेव्हा पहिलं काम मिळालं ते घरोघर पाहणी करण्याचं. फॉर्मवर ‘कामाचे स्वरूप’ असा एक रकाना होता आणि त्यापुढे तीन चौकटी : पूर्णवेळ, अर्धवेळ, काम नाही. नवरा हमाली करतो, पूर्णवेळ. मुलगा दुकानात आहे, पूर्णवेळ. मग मी विचारायची, “मावशी, तुम्ही?” मावशी म्हणायच्या, “मी काय, चार घरची कामं करते.” मी ‘अर्धवेळ’च्या चौकटीत बरोबरची खूण करायची आणि पुढच्या दारात जायची. असे कितीतरी फॉर्म मी भरले. एकदाही माझा हात अडखळला नाही.

त्यातल्याच एका मावशींच्या मनगटाचं हाड मोडलं. दुसऱ्या घरची फरशी उरकून त्या तिसऱ्या घरी पोळ्यांना निघाल्या होत्या. वाटेत जिन्यावर पाय घसरला. सहा आठवडे प्लास्टर. मी तेव्हा नवी होते, अंगात उत्साह होता. म्हटलं, औषधपाण्याचा खर्च तरी मागू या. दुसऱ्या घरच्या वहिनी म्हणाल्या, “आमच्याकडचं काम संपवून गेली होती हो ती.” तिसऱ्या घरच्या म्हणाल्या, “आमच्याकडे तर अजून यायचीच होती.” दोघीही खोटं बोलत नव्हत्या. मग त्या जिन्यावर, त्या क्षणी, मावशी कुणाच्या कामगार होत्या? मावशींनी मला हेच विचारलं आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्या सहा आठवड्यांत दोन घरांनी दुसरी बाई लावली. बाकीच्यांनी खाडे धरले.

हाताला प्लास्टर होतं तेव्हा त्यांच्याजवळ बसून मी त्यांचा दिवस कागदावर मांडला. पहिल्या घरी धुणंभांडी, दीड तास. दुसऱ्या घरी केरफरशी, एक तास. तिसऱ्या घरी पोळीभाजी, दीड तास. चौथ्या घरी भांडी आणि केरफरशी, दीड तास. संध्याकाळी पुन्हा चौथ्या घरी भांड्यांना अर्धा तास आणि पाचव्या घरी पोळ्यांना एक तास. हे झाले सात तास. एका घरातून दुसऱ्या घरात जायला, वॉचमनच्या वहीत नाव लिहायला, दार उघडेपर्यंत बाहेर थांबायला मिळून दीड तास. म्हणजे साडेआठ. आठ तासांचा दिवस हा पूर्ण दिवस, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ सालीच ठरवलं. मी मात्र साडेआठ तासांच्या बाईला अर्धवेळ लिहून मोकळी झाले होते. हमाली करणाऱ्या तिच्या नवऱ्याला कधी दिवसभर काम मिळायचं, कधी दोन तासांचं. त्याचे तास मी विचारलेच नव्हते. तो पुरुष, म्हणून पूर्णवेळ.

मैत्रिणींनो, आज मला एवढंच सांगायचं आहे. ‘अर्धवेळ’ हा शब्द घड्याळ बघून लावला जात नाही. काम करणारी कोण आहे आणि तिची जबाबदारी कुणाला घ्यायची नाही, हे बघून तो लावला जातो.

कायद्याकडे बघा. आपले कामगार कायदे मालकापासून मोजायला सुरुवात करतात. अमुक इतके कामगार असलेली ‘आस्थापना’ असेल तर प्रसूतीची रजा, प्रॉव्हिडंट फंड, कामगार विमा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, पण ही मोजणी मालकापासूनच राहिली. राहतं घर ही आस्थापना नाही. पाच घरं मिळून एक आस्थापना होत नाही. प्रत्येक घर आपल्यापुरता दीड तास बघतं. दीड तासाच्या बाईला कसली रजा, कसला फंड? पाच घरांचे मिळून सात तास बाईच्या अंगावर पडतात, पण हक्क पाच ठिकाणी वाटले जाऊन शून्य होतात.

हे आज पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलेलं नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढीबरोबर पगारी सुट्टीही त्यांनी मागितली. एकेकट्या घरात मागून जे मिळत नव्हतं, ते सगळ्या घरांकडून एकदम मागायचं, हे त्या बायकांनी तेव्हा दाखवून दिलं. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी झाली, काही मदतीच्या योजना आल्या. त्या घ्यायलाच हव्यात. पण त्या कायद्याने कामाचे तास, पगार आणि साप्ताहिक सुट्टी यांना हात लावला नाही. कल्याण झालं, कामगारपण राहून गेलं. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही.

कुणी म्हणेल, घरमालकिणी असंघटित, त्यांना काय बोलायचं? मग सरकारकडे बघू या. अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सेविकेला पगार नाही, मानधन. मदतनिसालाही मानधन. मानधन म्हणजे मानासाठी दिलेलं धन, पण त्याने भरणपोषण होत नाही. केंद्राच्या वाट्याचं मानधन २०१८ साली वाढलं तेव्हा सेविकेला महिना ४५०० आणि मदतनिसाला २२५० झालं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईसाठी केंद्राने २००९ साली महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. राज्यांनी आपापली भर घातली, पण पाया हाच. जणू उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या घरची चूल पेटत नाही. आणि आपल्या राज्यात आरोग्य उपकेंद्रात झाडलोट करणारी, नर्सताईंना हाताशी लागणारी जी बाई असते, तिच्या पदाचं सरकारी नावच ‘अंशकालीन स्त्री परिचर’ असं आहे. ‘अंशकालीन’ आणि ‘स्त्री’ हे दोन शब्द सरकारने शेजारी शेजारी बसवून ठेवले आहेत!

यातली एक लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनी ग्रॅच्युइटी मागितली होती. सरकारचं म्हणणं, हे तर अर्धवेळ, मानसेवी काम. २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने निकाल दिला : १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांना लागू आहे. आणि हे काम अर्धवेळ आहे हे म्हणणं न्यायालयाने मान्य केलं नाही. पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण आहार, गरोदर बायकांच्या घरी भेटी, नोंदी ठेवणं, ही सगळी कामं एकत्र मांडून पाहिली तेव्हा दिवस पूर्ण भरला. माझ्या कागदावर मावशींचा दिवस भरला होता तसाच. मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, कारण यात एक मार्ग आहे. कामं मांडा, तास मोजा, मग बोला. नुसतं “आम्ही खूप राबतो” म्हटलं तर ऐकणारे मान हलवतात आणि विसरतात.

आता एक प्रश्न. तो मला दर सभेत विचारला जातो आणि तो टाळणं बरोबर नाही. “पण ताई, बायकांनाच अर्धवेळ काम हवं असतं ना?” हो, हवं असतं. मलाही हवं होतं. मुलगी झाली तेव्हा मी ज्या संस्थेत होते तिथे अर्धवेळ काम मागून घेतलं. पगार निम्मा झाला. वस्ती तीच राहिली, अहवाल तेवढेच राहिले. दुपारी दोनला निघताना आपण काही चोरून नेतोय असं वाटायचं. वर्षभराने कळलं की निम्म्या पगारात मी पाऊण काम करत होते, आणि बढतीच्या यादीतून माझं नाव आपोआप गेलं होतं. पुरुष सहकाऱ्यांनाही त्या काळात मुलं झाली. त्यांच्यापैकी कुणी अर्धवेळ मागितलं नाही, कुणी त्यांना विचारलंही नाही.

बायकांना अर्धवेळ का हवं असतं, याचं उत्तर सरकारच्याच पाहणीत आहे. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. लक्षात घ्या, ही जे पुरुष घरात काही करतात त्यांची सरासरी आहे. मुळात काहीच न करणारे यात नाहीत. २०२४ च्या पाहणीत बायकांची २८९ मिनिटं झाली, म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटं कमी. पुरुषांचीही कमी झाली, ८८ वर आली! पाच तासांची एक पाळी घरात आधीच लागलेली असते. बाहेर उरतं ते अर्धवेळच. नवरा पूर्णवेळ कामगार होऊ शकतो, कारण त्याचा डबा भरून तयार असतो. म्हणून बाईने अर्धवेळ ‘निवडलं’ असं म्हणण्याआधी तिच्यापुढे दुसरं काय ठेवलं होतं ते विचारायला हवं.

अर्धवेळ काम वाईट, असं माझं म्हणणं नाही. कमी तास काम करणाऱ्याला कमी हक्क, हे वाईट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९४ साली अर्धवेळ कामाविषयी १७५ क्रमांकाचा करार केला. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा : तास कमी तर पगार त्या प्रमाणात, पण संघटनेचा हक्क, सुरक्षितता, भेदभावापासून संरक्षण पूर्ण, प्रसूती, रजा, आजारपण यांत पूर्णवेळाच्या तोडीची वागणूक. भारताने हाही करार स्वीकारलेला नाही. नेदरलँड्सने २००१ साली स्वीकारला. तिथे अर्धवेळ काम करणाऱ्यांना प्रमाणशीर हक्क आहेत. तरी अर्धवेळ काम करणाऱ्यांत तिथेही बायकाच जास्त, पुरुष थोडे. म्हणजे कायदा हवाच, पण कायद्याने घरातली वाटणी आपोआप होत नाही. ती भांडूनच करावी लागते.

शेवटी आपल्या स्वतःच्या घराकडे वळते. आपल्या चळवळीत ‘पूर्णवेळ कार्यकर्ती’ हा मोठ्या मानाचा शब्द आहे. अमकी पूर्णवेळ आहे म्हणताना आपला आवाज बदलतो. जी सासू-सासऱ्यांचं करून, मुलांचा अभ्यास घेऊन संध्याकाळी बैठकीला धावत येते, ती ‘वेळ मिळेल तशी येणारी’. पुरुषांच्या संघटनांतून हा शब्द आपण उचलला आणि तपासला नाही. शिवाय आपल्या कार्यालयात सकाळी तासभर येऊन केर काढणाऱ्या बाईंना आपण काय देतो? त्यांच्या आजारपणात आपण खाडे धरतो का? या प्रश्नाचं उत्तर मी इथे देणार नाही. प्रत्येकीने आपापल्या संस्थेत जाऊन हजेरीची वही उघडावी.

जाताना चार कामं सांगते. एक, प्रत्येकीने आठवडाभर आपले तास लिहून ठेवावेत, चालण्याचे आणि ताटकळण्याचेही. लिहिता येत नसेल त्यांनी मुलींकडून लिहून घ्यावेत. दोन, सुट्टी मागायची ती पाचही घरांकडून एकाच वारी. एका घराने सोमवार, दुसऱ्याने गुरुवार दिला तर कागदावर पाच सुट्ट्या दिसतात आणि बाईला एकही मिळत नाही. तीन, पगारी रजेचा हिशेब घरोघर मांडून दाखवावा. दीड तासाच्या घराला फक्त दीड तासाचाच भार पडतो, हे आकडे पाहिल्यावर बऱ्याच वहिनींना पटतं, असा माझा अनुभव आहे. चार, हे काम कार्यकर्त्यांचं : आपल्या पाहणीच्या फॉर्मवरच्या त्या तीन चौकटी काढून टाका. तिथे एक मोकळी ओळ ठेवा आणि विचारा, “दिवसात किती तास? कुणाकुणासाठी?”

मावशींचा हात आता बरा आहे, पण पिळा मारताना अजून दुखतो. मागच्या पाहणीच्या वेळी मी त्यांच्या दारात गेले. त्यांनी फॉर्मकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “या वेळी नीट लिही गं बाई.”

मी लिहिलं : साडेआठ तास, पाच घरांसाठी. घरचे पाच तास वेगळे.