फिशलॉकचा एक गोल

आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात दोन तिमाहींत निकाल दिसला नाही, की प्रोजेक्ट गुंडाळतात. आज तुम्हाला 19 वर्षं टिकून राहिलेल्या एका खेळाडूबद्दल सांगतो.

जेस फिशलॉक मूळची कार्डिफची. वेल्सकडून ती पहिल्यांदा खेळली 2006 साली. 2021 मध्ये अमेरिकेच्या लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरली. वेल्ससाठी 100 सामने सर्वांत आधी तिनेच पूर्ण केले, पुरुषांच्याही आधी! पण वेल्सच्या मुली मोठ्या स्पर्धेपर्यंत काही पोहोचत नव्हत्या.

अखेर 2025 मध्ये त्या स्वित्झर्लंडच्या युरो स्पर्धेत उतरल्या. फ्रान्सविरुद्ध जेसने गोल केला. आधी ऑफसाइडचा झेंडा वर गेला, मग व्हिडिओ तपासून गोल मान्य झाला. मोठ्या स्पर्धेतला वेल्सच्या महिलांचा हा पहिलाच गोल. तेव्हा जेस होती 38 वर्षांची. सामना मात्र वेल्सने 4-1 असा गमावला.

तेव्हा मंडळी, रविवारी तुमची लेक चिखलाने माखून, हरून घरी आली, तर "किती गोल खाल्ले?" असं विचारू नका. "पुढची मॅच कधी?" एवढंच विचारा.