ढिगाचे माप आणि खेळाडूचा वाटा

(वाशी, जि. धाराशिव येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



वाशी तालुक्यातील ऊस-उत्पादकाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. उसाचे भांडण दिसायला दराचे असते, पण त्याचे मूळ मापात असते. काट्यावरचे वजन कारखाना करतो, साखर-उतारा कारखान्याची प्रयोगशाळा ठरवते, तोडणी-वाहतुकीचा खर्चही कारखानाच मांडतो. आणि मग जे उरते त्याला शेतकऱ्याचा वाटा म्हणतात. २०१३ साली महाराष्ट्राने ऊसदराचा कायदा केला. साखर व प्राथमिक उपपदार्थ यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा शेतकऱ्याचा, असे सूत्र त्यात आले. टक्केवारी कायद्यात आली. परंतु ती ज्या रकमेवर काढायची ती रक्कम कोणी मोजायची, हा तंटा संपला नाही.

नेमका हाच तंटा आज खेळाच्या मैदानावर उभा आहे. फरक इतकाच, की तेथे काटा कोठे आहे हेही खेळाडूला दिसत नाही.

प्रथम क्रिकेट घ्या. इंडियन प्रीमियर लीगच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण-हक्क २०२२ च्या जूनमध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे सरासरीने वर्षाला सुमारे ९,६७८ कोटी. ही रक्कम क्रिकेट नियामक मंडळ आणि संघमालक वाटून घेतात. २०२५ च्या हंगामात एका संघाने खेळाडूंवर जास्तीत जास्त १४६ कोटी खर्च करावेत, अशी मर्यादा होती. दहा संघांचे झाले १,४६० कोटी. तिकिटे आणि जाहिराती बाजूला ठेवून केवळ प्रक्षेपणाशी तुलना केली, तरी मैदानात घाम गाळणाऱ्यांचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास भरतो. एकट्या ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले, याची बातमी घरोघर पोचली. १५ टक्क्यांची बातमी कोठेच पोचली नाही. लिलावात मालकांची बोली दिसते, पण त्या बोलीला वरून घातलेले झाकण दिसत नाही. आणि २०२१ साली लखनौच्या एका नव्या संघासाठी ७,०९० कोटींची बोली लागली, ती काही तोट्याच्या धंद्यासाठी लागली नाही.

कबड्डीचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रो कबड्डी चालविणाऱ्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीत २०१५ साली स्टार इंडियाने ७४ टक्के हिस्सा घेतला. पुढे २०२१ साली पाच हंगामांचे प्रक्षेपण-हक्क विकले गेले, ते ९०८ कोटींना स्टारनेच घेतले. लिलाव झाला, हे मान्य. परंतु विकणारा आणि विकत घेणारा एकाच घरातला असला, की ठरलेली किंमत खरोखर बाजाराची आहे की डाव्या खिशातून उजव्या खिशात गेलेली आहे, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे? अर्थशास्त्रात हा जुना रोग आहे. नफा कोणत्या वहीत दाखवायचा हे मालकाच्या हाती असले, म्हणजे ‘संघ तोट्यात आहे’ हे वाक्य हिशेबाच्या दृष्टीने खरे आणि व्यवहाराच्या दृष्टीने खोटे असू शकते. कंपन्यांचे ताळेबंद निबंधकाकडे दाखल होतात. पण एकाच उद्योगसमूहाने आपल्या दोन कंपन्यांमध्ये उत्पन्न कसे विभागले, ते सांगणारे पान खेळाडूच्या हाती येत नाही.

आता आपल्या अंगणात या. धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली सारिका काळे याच मातीतली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याला बालेवाडीत अल्टिमेट खो-खो सुरू झाले, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या हाती प्रथमच बरे पैसे पडले. ही गोष्ट चांगलीच झाली. पण पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचे होते. ज्या जिल्ह्याने मुली घडविल्या, त्या मुलींच्या नावाने त्या बाजारात रकानाच नव्हता.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येईल : कोट्यधीशांच्या या भांडणात समाजवाद्यांनी का पडावे? उत्तर असे की कोट्यधीश थोडे, बाकीचे पुष्कळ. क्रिकेट मंडळाच्या ढोबळ उत्पन्नातला २६ टक्के भाग खेळाडूंचा मानण्याची पद्धत पडली. त्यात आंतरराष्ट्रीय खेळाडूंना १३, देशांतर्गत खेळणाऱ्यांना सुमारे साडेदहा आणि महिला व कुमार खेळाडू मिळून तीन टक्क्यांहूनही कमी. ढीग लपविला गेला, तर सर्वांत आधी या शेवटच्या रांगेचे ताट रिकामे होते.

अन्यत्र हे कसे सुटले? सहजासहजी नव्हे. अमेरिकेत १९९४ साली बेसबॉलच्या मालकांनी तोट्याचे कारण सांगून वेतनावर मर्यादा मागितली. खेळाडूंनी संप केला आणि त्या वर्षीची अंतिम मालिकाच रद्द झाली. बास्केटबॉलमध्ये ‘खेळाशी संबंधित उत्पन्न’ कशाला म्हणायचे याची व्याख्याच करारात लिहिली गेली, त्याचे लेखापरीक्षण ठरले आणि २०११ च्या टाळेबंदीनंतर खेळाडूंचा वाटा त्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास आला. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच ट्रुइट कंपनीच्या खटल्यात म्हटले होते, की पगारवाढ परवडत नाही असे सांगणाऱ्या मालकाने मागितल्यावर त्याचा पुरावा दाखविला पाहिजे. भांडवलशाहीच्या माहेरघरात जे मान्य झाले, ते येथे क्रांतिकारक वाटावे, हे आपले दुर्दैव.

आपल्याकडे हा विचार अपरिचित नाही. १९६५ च्या बोनस कायद्याने वाटपयोग्य शिल्लक काढण्याची रीत घालून दिली आणि ताळेबंदातील बाबींचा खुलासा न्यायाधिकरणामार्फत मागण्याची वाट कामगार संघटनेला दिली. गिरणीतल्या कामगाराला जे मिळाले, ते मैदानातल्या कामगाराला मिळालेले नाही. विधी आयोगाने २०१८ साली क्रिकेट मंडळाला माहिती अधिकाराखाली आणण्याची शिफारस केली. केंद्रीय माहिती आयोगानेही त्याच वर्षी तसा आदेश दिला, तो न्यायालयात अडकला. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला, तेव्हा सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांपुरताच माहिती अधिकार उरला. सरकारची मदत न घेणारे सर्वांत धनाढ्य मंडळ कुंपणाबाहेर राहिले.

आणि संघटना? लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची संघटना झाली, पण ती निवृत्तांची. आज खेळणाऱ्याला वाटाघाटीच्या टेबलापाशी खुर्ची नाही. १९८९ मध्ये परदेशात प्रदर्शनीय सामने खेळल्याबद्दल दिलीप वेंगसरकरांसह सहा खेळाडूंवर मंडळाने बंदी घातली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे दार गाठावे लागले. वेंगसरकरांसारख्यांची ही गत, तर वाशीच्या मैदानावरच्या पोराने कोणाकडे जावे?

म्हणून मागण्या तीन. संघ, आयोजक आणि प्रक्षेपक यांचे परस्पर व्यवहार दाखविणारा एकत्रित हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. खेळाडूंच्या संघटनेला आपला लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार असावा. आणि सार्वजनिक मैदान वापरणाऱ्या प्रत्येक लीगने महिलांच्या वाट्याचा आकडा करारात लिहावा. तालुक्याच्या क्रीडा मंडळांपासून याची सुरुवात करता येईल : स्पर्धेची वर्गणी, बक्षीस आणि खर्च यांचा कागद मैदानाच्या फलकावर लावा. जो आपल्या गावच्या स्पर्धेचा हिशेब मागायला शिकला, तो उद्या कारखान्याचाही मागेल आणि मंडळाचाही.