जुन्या बंदुकीचा दस्ता

बंदूक म्हटली म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें नळी, चाप आणि काडतूस हींच येतात. लांकडाचा विचार क्वचितच कोणी करतो. वास्तविक बार उडतांच मागें येणारा धक्का लोखंडाकडून प्रथम लांकडावर येतो आणि लांकडाकडून नेमबाजाच्या खांद्यावर जातो. हें काम वर्षानुवर्षें केल्यावर लांकूड थकावें, यांत नवल नाहीं. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिका या देशांत पहिल्या महायुद्धाच्या काळांतील लष्करी रायफली हौसेनें जतन करणारे लोक आहेत आणि त्यांपैकीं कित्येकजण लांकडाची डागडुजी घरींच करतात. भारतांत मात्र १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें बंदूक दुरुस्त करण्यासही परवाना लागतो. म्हणून येथें हें काम परवानाधारक कारागिराकडेच सोंपविलें पाहिजे. तरीपण तें कसें व्हावें याची जाण मालकालाही असावी. कारण एकदां खरवडून काढलेलें लांकूड पुन्हां आणतां येत नाहीं.

उदाहरणादाखल ली-एन्फील्ड रायफल घेऊं या. ०.३०३ इंची नळीच्या या रायफलीचा ‘मार्क तीन’ हा नमुना १९०७ सालचा. इंग्लंडप्रमाणेंच ऑस्ट्रेलियांतील लिथगो येथें आणि बंगालमधील इशापूर येथेंही ती तयार होत असे. तिचें मुख्य लांकूड दोन भागांचें असतें: नळीखालचा पुढचा भाग आणि खांद्याला टेकणारा मागचा दस्ता. हा दस्ता एका लांब बोल्टानें लोखंडी खोबणींत आवळलेला असतो. दुरुस्तीची पहिली परीक्षा येथेंच होते. या बोल्टाचें चौकोनी टोंक खोबणींतून बाहेर येऊन पुढच्या लांकडाच्या मागील टोंकांत अडकलेलें असतें. ही गोष्ट ठाऊक नसलेला उतावळा मनुष्य मागून लांब पेचकस घालून बोल्ट फिरवूं लागतो. टोंक फिरतें आणि तोंवर धड असलेलें पुढचें लांकूड तडकतें. दस्ता सुधारावयास बसावें आणि दुसरेंच लांकूड फोडून उठावें, असा हा प्रकार! म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करून पुढचें लांकूड आधीं उतरवावें आणि मगच बोल्टाला हात लावावा.

यानंतर भेगेचें कारण शोधावें. वर्षानुवर्षें यंत्रांतून झिरपलेलें तेल लांकडांत मुरतें व तें मऊ पडतें. कोरड्या हवेंत लांकूड आकसतें आणि बोल्ट सैल होतो. मग लोखंड व लांकूड यांचा मेळ सुटतो, धक्का सर्व बैठकीवर सारखा न पडतां एखाद्याच कोपऱ्यावर पडतो आणि तेथून चीर निघते. ही बैठक न सुधारतां नुसती चीर चिकटविली, तर ती पुन्हां उघडल्याशिवाय राहत नाहीं.

तेलकट लांकडाला सरस धरत नाहीं. त्यासाठीं खडूची पूड द्रावकांत कालवून तिचा लेप भेगेवर देतात. तो वाळतांना तेल शोषून घेतो. तेल येईनासें होईपर्यंत हा लेप पुनःपुन्हां द्यावा लागतो. द्रावक ज्वालाग्राही असल्यामुळें जवळ दिवा किंवा शेगडी असूं नये. भेग स्वच्छ झाल्यावर तींत इपॉक्सी नांवाचा आधुनिक सरस भरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनीं लांकूड घट्ट आवळावें व सरस पुरता वाळूं द्यावा. टवका उडाला असेल तर त्याच जातीच्या लांकडाचें ठिगळ बसवावें. मात्र ठिगळाच्या रेषा मूळ लांकडाच्या रेषांशीं जुळल्या पाहिजेत. लष्करी कारागीरही अशीं ठिगळें लावीत. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. परंतु दस्त्याच्या मानेशींच खोल भेग असेल, तर ती चिकटवून बार काढण्याच्या भरीस पडूं नये. तेथें दस्ता बदलणेंच शहाणपणाचें.

पोंचे व ओरखडे यांतही भेद आहे. पोंच्यांत लांकडाचे तंतू केवळ दबलेले असतात. ओलें सुती फडकें ठेवून वर गरम इस्त्री टेकविली कीं वाफेनें ते फुगतात व खळगा वर येतो. ओरखड्यांत मात्र तंतू तुटलेले असतात. ते वाफेनें सांधत नाहींत. तेथें काचकागदाचा मोह होतो, आणि पुष्कळ जुन्या दस्त्यांचा नाश या मोहानेंच झाला आहे. कारखान्याचे ठसे कागदाच्या चार फेऱ्यांत पुसले जातात. पितळी पट्टीच्या कडेचें लांकूड पट्टीपेक्षां खालीं जातें. कित्येक दस्त्यांवर पलटणीची खूण कोरलेली पितळी चकती असते. तिच्या भोंवतींचें लांकूड घासलें कीं ती वर उचलून दिसूं लागते. दस्ता नव्यासारखा चकाकतो, परंतु तो कोठें घडला याची साक्ष त्यानें गमावलेली असते.

शेवटीं जवसाचें तेल हातानें चोळून पातळ थर द्यावे आणि प्रत्येक थर वाळूं द्यावा. मात्र तेलानें भिजलेलीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. जवसाचें तेल हवेशीं संयोग पावतांना उष्णता निर्माण करतें व चुरगाळलेल्या फडक्यांत तीच साठून आपोआप आग लागते. फडकीं बाहेर मोकळीं पसरून वाळवावीं, किंवा पाण्यानें भरलेल्या झांकणाच्या डब्यांत बुडवून ठेवावीं.

लांकूड पुन्हां बसविल्यावरही ती रायफल जाणत्या कारागिरानें तपासल्यावांचून चालवूं नये. चांगल्या दुरुस्तीनंतर ठसे जागच्या जागीं असतात, ठिगळ जवळून पाहिलें तरच ओळखूं येतें, आणि धक्का पूर्वीसारखा साऱ्या बैठकीवर सारखा पडतो. दस्ता जुनाच दिसतो. आणि त्यानें जुनेंच दिसावें, हाच त्या दुरुस्तीचा हेतु असतो.