शेंडा खुडा, फुले वाढवा



दसरा आला की दारव्ह्याच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात. दाराला तोरण, अवजारांना माळ, गाडीला हार. झेंडू सगळ्यांनाच हवा. म्हणून आपल्यापैकी काही जणी परसात किंवा विहिरीजवळ झेंडू लावतात. सणाला चार पैसे हाती येतील, अशी आशा असते. पण झाड छातीएवढे उंच होते, खोड काडीसारखे बारीक राहते, आणि फुले दोन-चारच लागतात. भाद्रपदात एक जोराचा पाऊस आला की झाड आडवे! सारी मेहनत मातीत जाते. असे का होते, ते आज आपण पाहू.

झाड काडीसारखे वाढते ते बहुधा उजेडासाठी. भिंतीच्या सावलीत लावले तर ते उजेड शोधत वर जाते. रोपे दाट लावली तर प्रत्येक रोप दुसऱ्याच्या वर डोके काढू पाहते. युरिया जास्त झाला तरी पाला माजतो आणि फुले मागे पडतात. म्हणून झेंडूला दिवसभर ऊन मिळेल अशी जागा द्यावी. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे. ही झाली पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट शेंड्याची. इंग्लंडचे चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांची टोके झाकून पाहिली. टोक झाकलेला कोंब उजेडाकडे वळेना. हे त्यांनी १८८० साली ग्रंथात लिहिले. म्हणजे उजेडाची खबर टोकाला लागते. पुढे शास्त्रज्ञांना कळले की शेंड्यात ऑक्झिन नावाचे द्रव्य तयार होते. ते खाली उतरते आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवते. शेंडा खुडला की हे डोळे जागे होतात. एका खोडाच्या जागी अनेक फांद्या येतात. जितक्या फांद्या, तितक्या कळ्या.

कोणी म्हणेल, "हिरवा शेंडा कायले तोडता जी? झाड मरून जाईन ना!" आम्ही विचारतो, हरभऱ्याचे शेंडे खुडून आपण भाजी करतो, तेव्हा हरभरा मरतो का? उलट तो फुटतो आणि पसरतो. मंजिऱ्या खुडल्या की तुळस डेरेदार होते. ही विद्या आपल्या आयाबायांच्या हातात आहेच. तीच झेंडूला लावायची.

रोप लावून महिना-सव्वा महिना झाला की खुडणी करावी. कळी दिसायच्या आत करावी. बोटाच्या दोन पेरांएवढा शेंडा पानांच्या जोडीच्या थोडा वर नखाने खुडावा. शेवंतीचाही असाच खुडावा. तिचे खुडलेले शेंडे फेकू नका. सावलीत ओल्या रेतीत खोचा, त्यांना मुळे फुटतात आणि नवी रोपे फुकट मिळतात.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खुडल्यावर फुले काही दिवस उशिरा येतात. म्हणून दसऱ्याला फूल हवे तर खुडणी लांबवू नका. आणि निशिगंध, सूर्यफूल यांचा शेंडा खुडू नका. त्यांचे फूल शेंड्यालाच येते.

झेंडू आधीच उंच झाला असेल, कळ्याही आल्या असतील, तर आता खुडू नका. बुंध्याला मातीची भर द्या. मातीत दबलेल्या खोडाला मुळे फुटतात आणि झाड पक्के होते. शिवाय काठीचा आधार द्या.

आमच्या शब्दावर विसंबू नका. एकाच ओळीतली दोन रोपे खुडा, दोन तशीच ठेवा. दसऱ्याला दोन्हींची फुले मोजा आणि आकडे वहीत मांडा. आता लिहिता येते आहेच.