आधी कोणता काटा बदलावा?



कारखान्यातल्या मोजमापाच्या उपकरणांवर युनियनवाल्याने काय बोलावे, असे काहींना वाटेल. पगार-बोनसची भाषा आम्हांला जास्त येते, हे खरे. परंतु ज्या काट्याकडे पाहून कामगार व्हॉल्व्ह फिरवतो तो काटा खोटे बोलला, तर जीव कामगाराचा जातो.

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत, टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १७० फूट उंचीचा एक मनोरा पुन्हा चालू करीत होते. त्यातले पातळीमापक तळच्या नऊएक फुटांपुरतेच, आणि त्याच्या जुळणीला धरलेली द्रवाची घनता १९७५ सालची! द्रव चढत चढत दीडशे फुटांवर गेला. नियंत्रणकक्षात मात्र पातळी साडेआठ फुटांच्या आत, आणि तीही उतरती दिसत होती. धोक्याची दुसरी, स्वतंत्र घंटा वाजलीच नाही. आत डोकावायची काच होती, पण मळलेली. अखेर द्रव उसळून बाहेर पडला, भडका उडाला. १५ माणसे गेली, १८० जखमी झाली. मेलेले सारे कंत्राटी कामगार होते.

आता पाहा, काच पुसणे, घंटा वाजते का हे तपासणे, जुळणी नव्याने करणे, यांत कोणती मोठी रक्कम होती? खर्च होता तो वरपर्यंत मोजणाऱ्या दुसऱ्या मापकाचा.

व्यवस्थापक एकतर ‘पैसे नाहीत’ म्हणतात, नाहीतर विक्रेत्याचे गुळगुळीत पुस्तक उघडून सगळेच बदलू म्हणतात. आम्हांला दोन्ही पटत नाही. प्रत्येक काट्यापुढे एकच प्रश्न लिहावा: हा चुकला तर काय होईल? जिथे उत्तर ‘स्फोट’ किंवा ‘विषारी वायू’ येईल, तिथे पहिला पैसा. वाफेचा हिशेब नीट लागला तर कोळसा वाचतो, तेही मापक आपली किंमत भरून काढते; पण त्याचा नंबर दुसरा. नुसत्या नोंदीपुरते काटे थांबू शकतात.

आणि रात्रपाळीच्या माणसाला विचारा. कोणत्या काट्यावर टिचकी मारावी लागते, हे त्याला ठाऊक असते. पुष्कळदा दोष काट्यात नसतोच. त्याच्याकडे दाब नेणारी बारीक नळी गाळाने चोंदलेली असते. तिच्यावर नवे उपकरण बसवले, तर तेही तसेच खोटे बोलेल.

यादी वार्षिक बंदच्या कितीतरी महिने आधी तयार हवी. चालू मनोऱ्याला भोक पाडता येत नाही. बंदच्या आठवड्यात यादी करू लागलो, तर माल वेळेवर येत नाही, आणि पुढच्या बंदपर्यंत तोच जुना काटा पाहत बसावे लागते.