लाटणं मीच काढून घेतलं होतं



‘मुलं आणि त्यांची खेळणी’ या विषयावर मला बोलायचं आहे, हे ऐकून बायको हसली. म्हणाली, “आधी लाटण्याची गोष्ट सांगा.” म्हणून तिथूनच सुरू करतो.

आम्ही कन्हानचे. अब्बा कोळसा खाणीत होते, आता रिटायर झाले. माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्याला भातुकलीचं वेड होतं. त्याच्या आईने कामठीच्या बाजारातून छोटं पोळपाट-लाटणं आणून दिलं होतं. एका ईदला घर पाहुण्यांनी भरलेलं आणि हा प्रत्येकाला खोटाखोटा चहा देत फिरत होता. कोणीतरी म्हणालं, “हा तर मुलगी निघाला!” सगळे हसले. मीही हसलो, त्याच्या हातातलं लाटणं घेतलं आणि कपाटावर ठेवून दिलं. तो रडला नाही. पण त्यानंतर पाहुणे आले की तो कोपऱ्यात बसू लागला.

त्याच्यासाठी आणलेला प्लॅस्टिकचा डंपर धाकट्या मुलीने पळवला. आमच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात, ते बघतच ती वाढली. अंगणातल्या रेतीत ती दिवसभर डंपर भरते आणि रिकामा करते. तिलाही लोक म्हणतात, “हे काय मुलीचं खेळणं आहे?” यात फक्त शेजाऱ्यांना दोष देता येत नाही. १९५२ च्या खाण कायद्याने बाईला जमिनीखाली कामावर जायला बंदी होती आणि जमिनीवरच्या खाणीतही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच मुभा होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ही बंदी शिथिल केली. म्हणजे माझ्या मुलीच्या डंपरला सरकारी मोकळीक मिळायला ६७ वर्षं लागली.

मग अम्मी गेली. चाळिसावा झाला, नातेवाईक परतले. एके दिवशी आम्ही दोघं कामावरून आलो, तर अब्बा सकाळपासून चहाशिवाय बसलेले. त्यांना गॅस पेटवता येत नव्हता. साखरेचा डबा सापडला नव्हता. ज्या माणसाने उभा जन्म खाणीच्या अंधारात वाट शोधली, त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरात वाट सापडत नव्हती. शेजारी जाऊन चहा मागायची त्यांना लाज वाटली. त्या रात्री मला झोप आली नाही. अब्बांच्या हातातूनही लहानपणी कोणीतरी असंच काहीतरी काढून घेतलं असेल आणि सगळे हसले असतील.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आपल्यात हे चालत नाही. आपल्यात म्हणजे कुठे? पैगंबर (स.) घरी काय करत, असं हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असं त्यांनी सांगितलं. ही हदीस सहीह बुखारीत आहे. अबू दाऊदच्या संग्रहात आणखी एक आठवण आहे. हजरत आयेशांच्या बाहुल्यांमध्ये पंख असलेला एक घोडाही होता. पैगंबरांनी त्याबद्दल विचारलं आणि त्यांचं उत्तर ऐकून ते हसले. ते हसू आणि आमच्या ईदचं हसू यांत किती फरक आहे बघा. त्यांनी खेळणं काढून घेतलं नाही.

शाळेची पुस्तकंही बदलत आहेत. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या नव्या पुस्तकात आई आणि वडील दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र छापलं. पण पुस्तकात भाजी निवडणारा बाप असेल आणि घरातला बाप पाण्याचा ग्लासही हातात मागत असेल, तर मूल कोणाकडून शिकेल?

मुलाच्या हातात बळेच बाहुली द्या, किंवा मुलीची बाहुली काढून डंपर द्या, असं मी म्हणत नाही. खेळणी मधोमध ठेवा. ज्याला जे हवं ते तो उचलेल. कोणी हसलं तर तुम्ही हसू नका. एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

अब्बा आता चहा करतात. साखर फार घालतात. पाहुणे आले की मात्र अजून बैठकीतूनच आवाज देतात.

आणि ते लाटणं? मी ते खाली काढलं आणि मुलाला दिलं. तो आता सहा वर्षांचा आहे. तो म्हणाला, “अब्बू, हे मुलींचं असतं.” हे त्याला कोणी शिकवलं, ते मला ठाऊक होतं.

त्याला मी उपदेश केला नाही. तेव्हापासून रविवारच्या रोट्या मी लाटतो. नकाशे होतात, पण लाटतो. तो दारात उभा राहून बघायचा. मागच्या रविवारी आत आला आणि पिठाचा एक गोळा मागितला.