पुस्तकांची करोडगिरी



१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचा अंमल संपेपर्यंत मनमाडकडून मराठवाड्यात येणाऱ्या मालाला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकत नसे, ही हकिकत आपणांपैकी अनेकांनी वाडवडिलांच्या तोंडून ऐकली असेल. ते नाके पुढे उठले. परंतु ग्रंथांच्या वाटेवर एक नाका अद्याप शाबूत आहे. आपल्या घरातील एखाद्या मुलाने औरंगाबादच्या औरंगपुऱ्यातून आणलेले यंत्रशास्त्राचे विलायती पाठ्यपुस्तक उलटून पाहावे, म्हणजे ‘विक्री केवळ भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आदी देशांत’ अशी ताकीद मलपृष्ठावर बहुधा आढळेल.

हा दंडक जुना आहे. मॅकमिलन कंपनीने १८८६ मध्ये हिंदुस्थान आणि वसाहती यांच्यासाठी जी स्वस्त ग्रंथमाला काढली, तिची पुस्तके खुद्द इंग्लंडात विकण्यास मनाई होती. १९४७ मध्ये ब्रिटिश प्रकाशकांनी आपापसांत करार करून साम्राज्याचा जुना बाजार स्वतःकडे राखला, आणि तो करार १९७६ मध्ये अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्यामुळे मोडला. मुळाशी तत्त्व एकच : जहागीरदाराने निरनिराळी गावे निरनिराळ्या इजारदारांस द्यावीत, तसा ग्रंथाचा स्वामी आपला हक्क प्रांतवार वाटून देतो.

यात केवळ लोभ आहे असे मानणे अन्यायाचे होईल. पाठ्यपुस्तकाचा भारी खर्च लेखन, संपादन, आकृत्या यांवर होतो. त्या मानाने कागद आणि छपाई स्वस्त. तो भारी खर्च श्रीमंत देशातील ग्राहकाकडून वसूल झाला, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यास तोच ग्रंथ अल्प किमतीत देणे परवडते. मात्र स्वस्त प्रती उलट वाटेने परत गेल्या, तर हा हिशेब कोसळतो. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या सुपाप किर्तसेंग नामक थाई विद्यार्थ्याने मायदेशातून अशा प्रती मागवून अमेरिकेत विकल्या. हक्कभंगाबद्दल ज्यूरीने त्याला सहा लक्ष डॉलर्सचा भुर्दंड ठोठावला, पण २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशा प्रतींच्या निर्यातीस हक्कभंग ठरवले होते.

येथवर नाक्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, तोच नाका बाहेरून येणाऱ्या पुस्तकालाही अडवतो. १९८४ मध्ये त्याच दिल्ली उच्च न्यायालयाने पेंग्विन प्रकाशनाच्या तक्रारीवरून, अमेरिकेत अगदी रीतसर छापलेल्या प्रती येथे आणून विकण्यास मनाई केली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठी एक प्रत आणण्याची मुभा आहे; दुकानदाराला मात्र ती नाही. हा अडसर काढणारे कलम २०१० च्या दुरुस्ती विधेयकात होते, पण २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ते गळून पडले.

माझा निवाडा स्पष्ट आहे. स्वस्त प्रत बाहेर जाऊ न देणारा नाका आपल्या गरीब विद्यार्थ्याचे हित राखतो. तो मी आनंदाने मान्य करीन. परंतु अन्यत्र रीतसर छापलेले पुस्तक आत येऊ न देणारा नाका इजारदारापलीकडे कोणाचेही हित राखत नाही, कारण आत येणारी प्रत महाग असेल तर ती कोणी घेणार नाही, आणि स्वस्त असेल तर ती अडवण्याचे प्रयोजनच उरत नाही. जुनी करोडगिरी निदान सरकारजमा होत असे. ही पुस्तकांची करोडगिरी कोणाच्या पदरात पडते, याचा जाब वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींना अवश्य विचारावा.